क्रियापद बदलून पातळी बदलत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळांत नव्या टाचणवह्या (शिक्षक पाठाचे नियोजन, म्हणजे टाचण, लिहितात त्या वह्या) येतात आणि यंदा त्यांत कोणते रकाने आखायचे यावर चर्चा सुरू होते. गेली काही वर्षे या रकान्यांत तीन गोष्टींची भर पडली आहे: अध्ययन निष्पत्तीचा (शिकून मुलाला काय करता आले पाहिजे ते सांगणाऱ्या वाक्याचा) क्रमांक, तिची विचारपातळी आणि त्या पातळीला शोभेल असे क्रियापद. मी रत्नागिरी जिल्ह्यात आधी प्राथमिक शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख (जवळपासच्या शाळांच्या गटाचा, म्हणजे केंद्राचा, पर्यवेक्षक) म्हणून काम करून निवृत्त झालो. विचारांच्या पातळ्या डोळ्यांसमोर ठेवून पाठाचे नियोजन करावे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ही दृष्टी मला नोकरीच्या सुरुवातीलाच मिळाली असती तर माझे बरेचसे पाठ वाया गेले नसते. माझी तक्रार एवढीच आहे की आपण ही पातळी टाचणातल्या क्रियापदात शोधतो आणि ती तिथे सापडत नाही.

केंद्रप्रमुख असताना सातवीपर्यंतच्या एका शाळेत पाचवीचा पाठ पाहायला बसलो होतो. विषय बाष्पीभवनाचा होता. बाईंचे टाचण देखणे होते. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि सर्जन अशा सहा ओळी लाल शाईने आखलेल्या आणि प्रत्येकीपुढे एक निष्पत्ती लिहिलेली. विश्लेषणापुढे लिहिले होते, ‘उन्हाळ्यात कपडे लवकर का वाळतात याचे विश्लेषण करतो.’ पाठाच्या शेवटी बाईंनी तो प्रश्न विचारला आणि वर्गाने एका सुरात उत्तर दिले, ‘उष्णतेमुळे पाण्याचे बाष्पीभवन जलद होते.’ उत्तर बरोबर होते. बाईंनी ओळीपुढे बरोबरची खूण केली. पण तेच वाक्य दहा मिनिटांपूर्वी फळ्यावर होते आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले होते. प्रश्न ‘का’ने विचारला असला तरी मुलांनी केले ते स्मरणच.

बाईंची परवानगी घेऊन मी विचारले, ‘पावसाळ्यात ऊन नसते. मग आई ओली चादर कुठे टाकते?’ चुलीवरच्या वलणीवर, असे बरेच जण म्हणाले. एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे माजघरात पंख्याखाली. मी विचारले, ‘पंखा गरम असतो का?’ वर्ग गप्प झाला. वहीतल्या वाक्यात उष्णता होती आणि पंख्यात उष्णता नव्हती, ही अडचण मुलांच्या चेहऱ्यावर दिसत होती. मग तोच मुलगा जरा अडखळत म्हणाला, ‘गुरुजी, वारा ओलं घेऊन जातो.’ मागच्या बाकावरून पुरवणी आली की घडी घालून टाकली तर आतून ओलीच राहते, कारण आत वारा जात नाही. या दोन्ही उत्तरांत बाष्पीभवन हा शब्द नव्हता. तरीही त्या दिवशी वर्गात विश्लेषण म्हणण्याजोगे जे काही घडले ते या दोन वाक्यांत घडले, आणि टाचणात त्याला जागा नव्हती.

यात बाईंचा दोष मी धरत नाही. त्यांना प्रशिक्षणात क्रियापदांचा तक्ता मिळाला होता. ‘सांगतो, ओळखतो’ म्हणजे स्मरण, ‘स्पष्ट करतो’ म्हणजे आकलन, ‘फरक करतो, विश्लेषण करतो’ म्हणजे वरची पातळी, असा तो तक्ता. अशा प्रशिक्षणांना मीही बसलो आहे आणि असे तक्ते माझ्याही हाताने वाटले आहेत, तेव्हा हे लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवत नाही.

ज्या पुस्तकापासून हे सगळे सुरू झाले त्यात या चुकीबद्दलची सूचना आधीच दिलेली आहे, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळले. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचा बोधात्मक (ज्ञान आणि विचाराच्या) क्षेत्राविषयीचा भाग १९५६ साली प्रसिद्ध केला. ही मंडळी मुख्यतः महाविद्यालयीन परीक्षांचे काम पाहणारी होती. १९४८ साली बोस्टन येथे मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनाच्या निमित्ताने त्यांची बैठक झाली, आणि एकमेकांचे प्रश्न एकमेकांना वापरता यावेत यासाठी प्रश्नांना काही समान नावे असावीत, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. म्हणजे हे वर्गीकरण जन्माला आले ते प्रश्न तपासण्याच्या टेबलावर. त्या पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे की एखादा प्रश्न कोणत्या पातळीचा आहे हे ठरवायचे तर त्याआधी विद्यार्थ्याला काय शिकवले गेले आहे हे ठाऊक असावे लागते, किंवा निदान त्याबद्दल काही गृहीत धरावे लागते. एकच प्रश्न एका वर्गात विश्लेषणाचा आणि शेजारच्या वर्गात पाठांतराचा ठरू शकतो. आमच्या बाईंच्या वर्गात नेमके हेच झाले होते. आपण भिंतीवर लावतो तो पायऱ्यांचा रंगीत त्रिकोणही मूळ पुस्तकात नाही. तो पुढच्या लोकांनी काढला.

आपल्याकडे हा विचार आला त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. १९५७ साली ब्लूम स्वतः भारतात आले होते आणि परीक्षा सुधारणेच्या कामात त्यांनी येथील शिक्षकांबरोबर कार्यशाळा घेतल्या. पुढे अध्यापक विद्यालयांत ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य ही चौकडी रूढ झाली. माझ्या वयाच्या ज्यांनी सरावपाठ घेतले असतील त्यांना ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ हा रकाना आठवत असेल आणि प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ताही, ज्यात ज्ञानाला इतके टक्के, आकलनाला इतके, अशी बेरीज शंभर करून दाखवावी लागे. बेरीज जुळली की प्रश्नपत्रिका संतुलित झाली, असे आम्ही मानत होतो. २००१ साली अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी या वर्गीकरणाची सुधारित मांडणी केली. नामांची क्रियापदे झाली, संश्लेषणाच्या जागी सर्जन आले आणि ते मूल्यमापनाच्याही वर गेले. याच मांडणीत ज्ञानाच्या प्रकारांचा दुसरा अक्षही होता: तथ्ये, संकल्पना, प्रक्रिया आणि स्वतःच्या विचाराची जाण. मी ज्या प्रशिक्षणांना बसलो त्यांत पहिला अक्ष पोहोचला आणि दुसरा वाटेतच राहिला. वास्तविक नियोजनाला जास्त उपयोगी पडतो तो हा दुसरा अक्ष. भागाकाराची रीत शिकवायची आहे की भागाकार म्हणजे काय हे शिकवायचे आहे, याचा निर्णय आधी झाला तरच पुढच्या पातळीला काही अर्थ उरतो.

२०१७ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्राथमिक स्तरासाठी अध्ययन निष्पत्ती जाहीर केल्या आणि त्या आपल्या पाठ्यपुस्तकांतही छापल्या जाऊ लागल्या. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अभ्यासक्रमाची ध्येये, त्यांतून क्षमता आणि क्षमतांतून अध्ययन निष्पत्ती अशी साखळी घालून दिली. ही साखळी मला चांगली वाटते, कारण शिक्षणाच्या टप्प्याच्या शेवटी मुलाला काय करता आले पाहिजे इथून ती सुरू होते आणि पाठ्यपुस्तकातले पान हा त्यासाठीचा केवळ एक मार्ग ठरतो. मात्र साखळीची शेवटची कडी ही आराखड्यात तयार होत नाही. ती वर्गात, त्या दिवशीच्या प्रश्नात आणि त्या दिवशीच्या कामात तयार होते, आणि नेमकी तीच कडी आपण तक्त्यातल्या क्रियापदावर सोडून देतो.

सर्जनाच्या रकान्याची गंमत तर सांगण्यासारखी आहे. बहुतेक टाचणांत तिथे ‘चित्र काढतो’, ‘तक्ता तयार करतो’ किंवा ‘प्रकल्प करतो’ असे लिहिलेले आढळते. पुस्तकातले जलचक्राचे चित्र पाहून वहीत काढणे हे हात स्थिर करणारे उत्तम काम आहे, पण त्यात मुलाने नवीन असे काहीच रचलेले नसते. प्रकल्पाचा छापील तक्ता तर स्टेशनरीच्या दुकानातच मिळतो आणि पालक तो शनिवारी आणून देतात. याउलट ‘आपल्या शाळेच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठवायचे ठरले तर टाकी कुठे ठेवाल आणि का?’ या प्रश्नाला मुलाने चार वेड्यावाकड्या रेघा मारून उत्तर दिले तरी त्याला उतार, पत्र्याची पन्हळ, टाकीचे तोंड आणि नळाची उंची यांचा एकत्र विचार करावा लागतो.

माध्यमिक स्तरावरही वेगळे घडत नाही. दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली, तिच्यात स्वमत आणि अभिव्यक्तीचे प्रश्न आले, आणि अनेक शिक्षकांना ते मनापासून आवडले. पण बाजारातल्या मार्गदर्शकांत स्वमताची तयार उत्तरे मिळतात आणि मुले ती पाठ करतात. दुसऱ्याने लिहिलेले स्वमत पाठ करून लिहिणे याला कोणत्या पातळीत बसवायचे, हे मला तरी सुचलेले नाही.

एवढे वाचून कोणाला वाटेल की मी पाठांतराच्या विरोधात आहे. तसे अजिबात नाही. आमच्या लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी आणि दिडकी म्हणून घेत. त्या वेळी ती घोकंपट्टीच वाटे. पण वडिलांबरोबर बाजारात गेल्यावर दुकानदाराने ‘अडीच शेर’ म्हणताच वडील हिशेब सांगून मोकळे होत, कागद लागत नसे. जे तोंडपाठ असते ते मनाला पुढचा विचार करायला मोकळे ठेवते. स्मरण ही खालची पायरी आहे असे म्हणताना ‘खालची’ या शब्दाचा अर्थ हलकी असा घेतला जातो आणि मग स्मरणाच्या रकान्यात काही लिहायला शिक्षकांनाच संकोच वाटतो. वाचता येणे आणि पाढे येणे याला पर्याय नाही. निपुण भारत अभियानाचा भर पायाभूत वाचनावर आणि संख्याज्ञानावर आहे तो योग्यच आहे.

फक्त पाया पूर्ण झाल्यावरच वरचे बांधकाम, असा हिशेब मुलांच्या विचाराला लागू पडत नाही. याचा धडा मला चौथीतल्या एका मुलीने दिला. तिचे नाव वर्गाच्या ‘अप्रगत’ यादीत होते, कारण तिचे वाचन अडखळत होते. अपूर्णांकांचा तास चालू होता आणि मी सहज विचारले, ‘अर्धी भाकरी जास्त की पाव भाकरी?’ सगळा वर्ग ‘अर्धी’ म्हणून ओरडला. ही मुलगी म्हणाली, ‘कुणाच्या घरची?’ मला आधी कळलेच नाही. मग तिने हात पसरून दाखवले, आमच्याकडची भाकरी एवढी असते, काकूची एवढीशी. आमच्यातली पाव म्हणजे तिची अर्धी. अपूर्णांकांची तुलना करायची तर पूर्ण सारखेच असले पाहिजे, ही अट पुस्तकात असते आणि शिकवताना आम्ही ती गृहीत धरून पुढे जातो. इथे ती अट त्या मुलीनेच काढून दाखवली. प्रश्न माझा अगदी खालच्या पातळीचा होता, उत्तर मात्र वरचे आले, आणि दिले ते जिला आम्ही खालच्या पायरीवर बसवून ठेवले होते तिने.

पातळ्या कामाच्या असतात, मुलांच्या नसतात. तरीही कित्येक वर्गांत हुशार मुलांना ‘विचारप्रवर्तक’ प्रश्न आणि मागे पडलेल्यांना जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, अशी वाटणी आपसूक होते. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकून, पाहून, हाताळून विचार करता येतो. त्याचे वाचन सुधारण्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागेल हे खरे, पण तोवर त्याच्या वाट्याला फक्त रिकाम्या जागा ठेवणे अन्यायाचे आहे.

आता थोडे व्यवहाराचे. आमच्याकडे पहिली ते चौथीचे वर्ग आणि दोन शिक्षक अशा शाळा भरपूर आहेत. एका शिक्षकाकडे दोन वर्ग आणि दिवसाला प्रत्येकी तीन विषय धरले तरी सहा पाठ होतात. प्रत्येक पाठाला सहा पातळ्यांच्या सहा ओळी लिहायच्या तर रोजच्या छत्तीस ओळी. त्या लिहायच्या कधी? मग साहजिकच मागच्या वर्षीची वही उघडली जाते, किंवा मोबाइलवरच्या गटात आलेले तयार टाचण उतरवून घेतले जाते. मुळात प्रत्येक पाठात सहाही पातळ्या आल्या पाहिजेत असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. काही तास केवळ सरावाचे असतात आणि तसेच असावेत. ज्ञानरचनावादी अध्यापनासाठी नावाजलेल्या कुमठे बीटमधील (बीट म्हणजे शाळांचा पर्यवेक्षण-गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक साताऱ्याला गेले होते, तेव्हा परत येताना अनेकांनी फरशीवरच्या रंगीत चौकटी तेवढ्या आणल्या. रकान्यांचेही तसेच होते. जे रंगवता किंवा आखता येते ते लगेच पसरते.

पाचवीच्या त्या बाईंनी पुढच्या वर्षी जे केले त्यावरूनच मी एक सूचना करू इच्छितो. त्यांनी टाचणाच्या सहा ओळी आखल्याच नाहीत. पाठ शिकवण्याआधी दोन प्रश्न लिहून ठेवले. पहिला प्रश्न पाठात येणाऱ्याच गोष्टीवर होता. दुसरा मुद्दाम राखून ठेवलेला होता. त्यातला प्रसंग पाठात, वहीत किंवा फळ्यावर कुठेही येऊ द्यायचा नाही, असे त्यांनी स्वतःला बजावले होते. मधल्या सुट्टीआधी त्यांनी एकाच पंच्याचे दोन सारखे तुकडे सारखेच भिजवून घेतले, एक पसरून आणि एक घडी घालून एकाच वलणीवर टाकला, आणि कोणता आधी वाळेल व कशावरून, हे प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला लावले. सुट्टीनंतर मुले आधी कापडांकडे धावली. पाठ त्यानंतर झाला. राखून ठेवलेला प्रश्न शेवटी आला: ताटलीत आणि पेल्यात सारखेच पाणी ओतून ठेवले तर कशातले आधी संपेल? कापडाची घडी आणि पेल्याचे तोंड यांचा संबंध ज्यांनी जोडला त्यांनी उपयोजन केले आणि ज्यांनी नाही जोडला ते कुठे अडले हे बाईंना त्याच दिवशी कळले. बाईंनी निष्पत्तीच्या वाक्यातही थोडा बदल केला होता. ‘बाष्पीभवन स्पष्ट करतो’ याऐवजी त्यांनी लिहिले होते, ‘न पाहिलेल्या प्रसंगात पाणी कुठे लवकर वाळेल ते कारणासह आधीच सांगतो.’ इथे क्रियापद ‘सांगतो’ आहे, जे तक्त्यात सर्वांत खालच्या ओळीत येते.

शिक्षण विभागाने टाचणाचा नमुना ठरवताना हा ‘राखून ठेवलेला प्रश्न’ एवढाच एक रकाना सक्तीचा करावा आणि पातळ्यांची सक्ती काढून टाकावी, असे मला सुचवायचे आहे. तोही रोजच्या प्रत्येक पाठाला नको; आठवड्यातून प्रत्येक विषयाला एक पुरे. अधिकारी शाळा भेटीला आले की वहीतले रकाने मोजण्याऐवजी तो प्रश्न मुलांना विचारतील आणि उत्तर ऐकतील. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत सूचना आणि परिपत्रकांच्या वाचनात जो वेळ जातो त्यातला तासभर काढून प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील पाच मुलांची त्या प्रश्नावरची उत्तरे आणावीत आणि सर्वांनी मिळून ती वाचावीत. ‘वारा ओलं घेऊन जातो’ हे उत्तर बरोबर धरायचे की नाही, शास्त्रीय शब्द आला नाही म्हणून गुण कापायचे का, यावर शिक्षकांचे आपसांत मतभेद होतील. ते व्हावेत, कारण पातळी म्हणजे काय हे शिक्षकाला अशा वादातूनच उमगते, हा माझा अनुभव आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालेले परख राष्ट्रीय सर्वेक्षण असो की त्याआधीची संपादणूक सर्वेक्षणे, त्यांत प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात, आणि जिल्ह्याची व राज्याची मापे त्यावरून काढली जातात. मग शिक्षकाने मुलांची अडखळती वाक्ये ऐकत का बसावे? माझे उत्तर असे की या सर्वेक्षणांतले बरेच प्रश्नही न पाहिलेल्या प्रसंगावरचेच असतात, आणि त्यांच्या तयारीसाठी जुन्या प्रश्नांच्या संचांचा सराव घेतला की ते प्रसंग ‘पाहिलेले’ होऊन जातात. त्यानंतर आकडे थोडे वर गेले तरी मुलाने विचार केला की आठवले, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

नव्या वर्षाची टाचणवही छापखान्यात जाण्यापूर्वी संबंधितांनी आपल्या जवळच्या एखाद्या दोन शिक्षकी शाळेत एक दिवस बसून हे करून पाहावे, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे. लागणारे साहित्य म्हणजे एक पंचा, एक ताटली आणि एक पेला.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, जि. रत्नागिरी